मंद ध्वनी आणि मनाची विश्रांती

आई डोक्याला तेल चोळीत हलक्या आवाजात बोलू लागली, की डोळे आपोआप मिटू लागतात. कुजबुज, कागदाची सळसळ, केसांतून फिरणारा कंगवा अशा ध्वनींनी काहींच्या टाळूपासून मानेपर्यंत सुखद झिणझिण्या उतरतात व मन निवते. या संवेदनेस २०१० मध्ये ‘एएसएमआर’ हे नाव मिळाले. ही संवेदना ज्यांना होते, त्यांच्या हृदयाचे ठोके अशा ध्वनिचित्रफिती पाहताना मिनिटास सरासरी तीनने कमी झाल्याचे शेफील्ड विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात आढळले. मात्र ती सर्वांनाच होत नाही. काहींना तर कुजबुजीचा उबगच येतो.

नाव नवे असले, तरी ऐकता ऐकता शांत होण्याची रीत मुंबईच्या उपनगरांना नवी नाही. अंधेरीजवळील वर्सोवा येथे १९१८ मध्ये श्री योगेंद्र यांनी स्थापन केलेली आणि आता सांताक्रूझ येथे असलेली ‘द योग इन्स्टिट्यूट’ ही संस्था ‘निष्पंदभाव’ शिकविते. भिंतीला पाठ टेकून, पाय सैल पसरून, डोळे मिटून बसावयाचे आणि एखादा मंद ध्वनी नुसता कानी पडू द्यावयाचा. त्याचा अर्थ लावावयाचा नाही. यास यंत्र लागत नाही, की खर्च. मधल्या सुटीनंतर शिक्षकांना हा प्रयोग वर्गातही करून पाहता येईल.

अडचण आहे ती शांततेची. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तिची अंमलबजावणी झाली, तरच घाटकोपर वा मुलुंडच्या हमरस्त्यालगतच्या घरात मंद ध्वनी ऐकू येईल. झोप सतत उडत असल्यास मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.