डाग खिडकीत, फोटोत नाही!

बारसं, डोहाळजेवण, गटाच्या मसाल्यांची पाकिटं यांचे फोटो काढायला आम्ही गटात मिळून एक जुना कॅनन ६०डी कॅमेरा घेतला. काही दिवसांनी खिडकीला डोळा लावला की काळे ठिपके दिसायला लागले. आमच्यातल्या एकीने लेन्स काढली आणि आत वरच्या बाजूला दिसणारी काच पदराने पुसली. ठिपके राहिले बाजूला, उलट ओरखडे पडले. दोन दिवसांवर बारशाची ऑर्डर! पोटात गोळाच आला. पण फोटो काढून पाहिला तर तो अगदी स्वच्छ.

असं कसं? लेन्समधून आलेला उजेड तिरक्या आरशावर पडून वर जातो. तिथे एका दुधी पट्टीवर चित्र उमटतं. हीच फोकसिंग स्क्रीन. तिच्या वरचा प्रिझम ते चित्र आपल्या डोळ्यापर्यंत आणतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि उजेड सरळ मागच्या सेन्सरवर पडतो. म्हणून स्क्रीनवरचा डाग आपल्याला दिसतो, फोटोत येत नाही. फोटोतही डाग दिसला, तर धूळ सेन्सरवर किंवा लेन्सवर आहे असं समजा.

ही पट्टी काचेची नाही, मऊ प्लास्टिकची असते. तिला कापड, बोट, ओला कापूस काहीही लावू नका. रबरी फुग्याने हवा मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

आमच्या पट्टीवर ओरखडेच होते, म्हणून ती बदलली. ६०डीला ‘ईएफ’ जातीची स्क्रीन लागते. नव्या स्क्रीनबरोबर खास चिमटा मिळतो. पंखा बंद करा, हात धुऊन कोरडे करा. कॅमेरा बंद करून बॅटरी आणि लेन्स काढा. चिमट्याने आतला छोटा खटका ओढला की पट्टीची चौकट खाली येते. पट्टीच्या कडेला बारीक कान असतो, तेवढाच धरून जुनी काढा, नवी बसवा. चौकट ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत हळूच वर दाबा. आरशाला चिमटा लागू देऊ नका.

आम्ही आडव्या-उभ्या रेघांची ‘ईएफ-डी’ बसवली. आता पाकिटांची रांग वाकडी येत नाही. मात्र पट्टीचा प्रकार बदलला, तर कॅमेऱ्याच्या कस्टम फंक्शनमध्ये तो नोंदवा. नाहीतर उजेडाचं माप चुकू शकतं.

सगळ्याच कॅमेऱ्यांची पट्टी अशी घरी निघत नाही. आधी माहितीपुस्तिका बघा. तिच्यात सोय दिलेली नसेल, तर जाणत्या कारागिराकडेच द्या. पण खर्चाला हो म्हणण्याआधी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. तो स्वच्छ आला, तर ऑर्डर परत करू नका. बारशाला खुशाल जा!