एका फेरीत सगळी भांडी

रात्रीचे साडेदहा वाजले होते. नातीच्या वाढदिवसाचे पाहुणे नुकतेच पांगले होते आणि मुलीच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून बेसिनपर्यंत खरकट्या भांड्यांचा डोंगर झाला होता. अठरा ताटे, त्याच्या दुप्पट वाट्या, पेले, चमच्यांचा ढीग, मटणाचा टोप, भाताचे पातेले, कढई, झारा. मुलगी परिचारिका आहे आणि दुसऱ्या दिवशी तिची सकाळी सातची ड्युटी होती. तिने हप्त्यावर भांडी धुण्याचे यंत्र घेतले आहे. सगळे त्याला डिशवॉशर म्हणतात, आपणही तसेच म्हणू. जावई म्हणाले, ‘‘आई, दोन फेऱ्या लागतील.’’ मी म्हटले, ‘‘एकीत बसवते.’’ चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांचा संसार बसवलेली बाई मी, या पेटीने मला काय घाबरवावे!

बसवलेही. ताटात ताट, वाटीत वाटी, उरलेल्या फटींत चमचे. दार लावताना आतून ‘खण्ण’ असा आवाज आला, तिकडे मी दुर्लक्ष केले आणि बटण दाबून झोपायला गेले.

सकाळी दार उघडले तेव्हा जावई शेजारीच उभे होते. एकात एक घातलेल्या वाट्यांच्या तळाशी भाताची शिते तशीच होती. आतल्या ताटांवर रश्शाचा तवंग होता. पेल्यांवर पांढरे डाग होते. आणि माझ्या सासूबाईंचे जर्मनचे पातेले, ज्यात आम्ही चाळीस वर्षे भात शिजवला, ते काळेठिक्कर पडले होते. सगळी भांडी पुन्हा काढून हाताने घासावी लागली. जावई चांगले आहेत, एक शब्द बोलले नाहीत. पण त्यांनी शिटी वाजवत चहा टाकला, तो मला ऐकू आला.

त्या दिवसापासून या पेटीच्या पोटात काय चालते ते समजून घ्यायचे मी ठरवले.

आपण हाताने भांडी घासतो तेव्हा घासणी भांड्यापर्यंत नेतो. कानाकोपरा बोटांना कळतो. यंत्राला बोटे नाहीत. त्याच्या तळाशी एक लांब पाते असते, त्याला भोके असतात. पंप जोराने पाणी सोडतो, त्या जोराने पाते स्वतःभोवती फिरते आणि भोकांतून पाण्याचे फवारे वर उडतात. वरच्या जाळीखाली असेच दुसरे पाते असते. म्हणजे भांडे जागेवर राहते आणि पाणी त्याच्यापर्यंत जाते. जिथे फवारा पोचला नाही तिथे काहीच पोचले नाही. माझ्या झाऱ्याचा दांडा जाळीतून खाली घुसला होता आणि पाते रात्रभर अडून बसले होते. ‘खण्ण’ आवाज त्याचाच.

दुसरे काम साबणाचे. यंत्राच्या पावडरीत किंवा गोळीत फेस करणारा साबण जवळजवळ नसतो. तीत अन्न विरघळवणारी विकरे असतात, एक भात-पोळीचा पिठूळ चिकटा तोडते, दुसरे डाळ-मटणाचे. शिवाय ही पावडर चांगलीच अल्कधर्मी असते, म्हणून जर्मनची भांडी तिच्यात काळी पडतात. तांब्या-पितळेची चकाकी जाते, नॉनस्टिकचा लेप उतरू लागतो, पोळपाट-लाटणे फुगते आणि तडकते, बिडाचा तवा गंजतो. यांना यंत्र नाही, यांना मोरीच बरी. स्टील, काच आणि चिनी माती मात्र बिनघोर घालावी. साधा भांड्यांचा साबण चुकूनही घालू नये, घरभर फेस होतो.

पेल्यांवरचे पांढरे डाग क्षारांचे होते. मुलीच्या इमारतीत बोअरवेलचे पाणी मिसळतात. मुंबईत तानसा-वैतरणेचे पाणी येते, ते मऊ असते, तिथे हा त्रास कमी. जड पाण्यासाठी यंत्रात मिठाचा वेगळा कप्पा असतो. त्यात जाड्या खड्यांचे मीठ घालायचे, ते पाणी मऊ करणाऱ्या भागाला पुन्हा कामाला लावते. जेवणातले बारीक मीठ घालायचे नाही, त्यातली भुकटी मोकळी ठेवण्याची द्रव्ये त्या कप्प्याला सोसत नाहीत. मुलीने हा कप्पा घेतल्यापासून उघडलाच नव्हता.

आता थोडे या यंत्राच्या जन्माविषयी, कारण ‘जास्तीत जास्त भांडी कशी बसवावी’ या प्रश्नातूनच ते जन्मले आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाचे गाव आहे. तिथे जोसेफिन कॉक्रेन नावाच्या सुखवस्तू घरच्या बाई राहत. त्यांच्याकडे चिनी मातीची उंची भांडी होती. नोकर ती घासताना कपचे उडवतात, ही त्यांची तक्रार. (गोष्ट सांगितली जाते ती मालकिणीच्या बाजूने, रात्री उशिरापर्यंत ती भांडी घासणाऱ्यांच्या बाजूने नव्हे.) 1883 साली पती वारले आणि मागे कर्ज राहिले. बाई कामाला लागल्या. त्यांच्याआधी 1850 साली जोएल हॉटन या गृहस्थाने हाताने दांडा फिरवायचे लाकडी यंत्र काढले होते, त्यात भांड्यांवर नुसते पाणी उडे. कॉक्रेनबाईंनी उलट बाजूने सुरुवात केली. त्यांनी आधी ताटल्या, कप, बश्या मोजल्या आणि प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे केले. ते कप्पे एका चाकावर बसवले, चाक तांब्याच्या हंड्यात ठेवले आणि साबणाचे गरम पाणी जोराने त्यावर सोडले. 28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना पेटंट मिळाले. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्राला पारितोषिक मिळाले. घरांनी नव्हे, हॉटेलांनी ते आधी घेतले. बाई 1913 साली वारल्या आणि त्यांची कंपनी 1926 साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. घरोघरी हे यंत्र पोचायला पुढे आणखी बरीच वर्षे गेली.

म्हणजे पाहा, यंत्रातले पहिले डोके कप्प्याचे. प्रत्येक भांड्याला स्वतःची जागा आणि दोन भांड्यांमध्ये पाणी जाईल एवढी फट.

आपली अडचण अशी की ते कप्पे आपल्या भांड्यांच्या मापाचे नाहीत. यंत्रावर ‘तेरा जणांचे’, ‘चौदा जणांचे’ असे लिहिलेले असते. हे जण युरोपातले. सपाट बशी, सुपाची बशी, कप, काटा, सुरी असा त्यांचा हिशेब. काठाचे ताट, खोलगट वाटी, बुटका पेला, दोन कानांची कढई त्यात धरलेली नाही. 2020 च्या टाळेबंदीत घरकामाच्या बाया येणे बंद झाले तेव्हा शहरांतून या यंत्राला एकदम मागणी आली आणि पुष्कळ घरांत माझ्यासारखीच फजिती झाली असणार.

मला भांडी लावायला शिकवले ते माझ्या धाकट्या जाऊबाईने. ती वीस वर्षे चार घरची भांडी घासते. त्यांपैकी एका घरात हे यंत्र आले आणि ते भरायचे काम तिच्याच गळ्यात पडले. पुस्तिका इंग्रजीत होती. तिने चार दिवस रोज वेगळ्या पद्धतीने भांडी लावून पाहिली आणि पाचव्या दिवशी तिला जमले. मुलीकडे आली तेव्हा पदर खोचून तिने माझी सगळी रचना मोडली. ‘‘अक्का, डोळा पाण्याचा लावायचा. आपण पाणी आहोत असं समजायचं, मग दिसतंय आपल्याला कुठं जाता येत नाही ते.’’

आधी खरकटे काढायचे. हाडे, कढीपत्ता, मिरच्या, शिते डब्यात झटकायची. पण भांडी नळाखाली धुऊन घालायची नाहीत. पुष्कळ बाया आधी निम्मे घासून मग यंत्रात घालतात, मग यंत्र हवे कशाला? काही यंत्रांना पाण्याचा गढूळपणा ओळखण्याची सोय असते, धुतलेली भांडी पाहून ती काम उरकते घेतात आणि चिकटलेले एखादे भांडे तसेच राहते.

खालच्या जाळीत ताटे उभी. फवारा मधून येतो, म्हणून ताटांची तोंडे मधोमध वळवायची, डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. एक मोठे ताट, मग एक लहान ताटली, मग पुन्हा मोठे, असे लावले की काठ काठावर चढत नाही आणि जास्त बसतात. दोन ताटांत बोट जाईल एवढी फट हवीच. टोप, पातेली, कढया कडेला, तोंड खाली करून जरा तिरपी. मधल्या खुंट्या बहुतेक जाळ्यांत आडव्या करता येतात, तिथे कुकरचा स्टीलचा डबा बसतो. कुकरच्या झाकणाची शिटी आणि रबर आधी काढायचे.

वरच्या जाळीत वाट्या, पेले, कप. वाटी पालथी पण तिरपी, नाहीतर बुडावर पाणी साठून राहते. माझी एकात एक घातलेल्या वाट्यांची उतरंड पाहून ती इतकी हसली की काय सांगू. पेला खुंटीवर नव्हे, दोन खुंट्यांच्या मध्ये. प्लास्टिकचे डबे वरच, कारण गरमी तळाशी जास्त. झारा, पळी, उलथणे वर आडवे. चमचे टोपलीत, काहींचे तोंड वर, काहींचे खाली, म्हणजे ते एकमेकांच्या कुशीत शिरत नाहीत. सुरी टोक खाली करून. पावडरीचा कप्पा उघडतो त्याच्यासमोर उंच ताट ठेवायचे नाही.

आणि शेवटी, दार लावण्याआधी, दोन्ही पाती बोटाने फिरवून पाहायची. कुठे अडले नाही तर यंत्र भरले. अडले तर जास्त भरले. एवढीच परीक्षा.

तिने त्या दिवशी माझ्यापेक्षा सात भांडी जास्त बसवली. मी मोजली.

यंत्र पूर्ण भरायचे कशासाठी? एका फेरीला साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी लागते आणि वीज एक-दीड युनिट. अर्धे भरले तरी जवळजवळ तेवढेच. म्हणून सकाळचा चहा, दुपारचे डबे, रात्रीची ताटे अशी दिवसभर भांडी साठवून रात्री एकदाच चालवावे. कमी गरम पाण्याचा जो वीजबचतीचा क्रम असतो तो तीन-तीन तास चालतो, पण खर्च कमी. नळ मोकळा सोडून घासले तर मिनिटाला सहज सहा लिटर पाणी जाते, त्या मानाने यंत्र खूप पाणी वाचवते, असे दुकानदार सांगतो आणि ते खरे आहे. पण माझी आई दादरला लोकांच्या घरी राख आणि नारळाच्या काथ्याने भांडी घाशी आणि अख्ख्या घराची भांडी एका बादलीत विसळी. बादली पंधरा लिटरची. तिच्या हिशेबात यंत्र फारतर बरोबरीला येते. हिवाळ्यात तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडत, त्यात राख जाई आणि रात्री ती त्यांवर मेण लावून बसे. तो खर्च कुठल्याच हिशेबात नव्हता.

आता जाऊबाईची गोष्ट पुरी करते. यंत्र आले तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘आता भांडी नाहीत, फक्त झाडू-पोछा.’’ महिन्याला सातशे रुपये कमी केले. प्रत्यक्षात यंत्रात न जाणारे कुकर, तवा, पितळी भांडी, पोळपाट तिलाच घासायचे. यंत्र भरायचे तिने, रिकामे करून फडताळात लावायचे तिने, आठवड्याला तळाची गाळणी काढून त्यातला चिखल धुवायचा तिने. काम घटले ते थोडे, पैसे घटले ते पुरे.

त्या घरात तिचा चहाचा कप वेगळा आहे. खिडकीच्या जाळीत पालथा घातलेला, कानाचा टवका उडालेला. वीस वर्षांत तिने त्याविषयी कधी तोंड उघडले नाही. एके दिवशी यंत्र भरताना वरच्या जाळीत एक जागा उरली. मोकळी जागा ठेवायची नाही हा तिचाच नियम. तिने आपला कप तिथे घातला आणि दार लावले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी दार उघडले, कप पाहिला, काही बोलल्या नाहीत. उचलून पुन्हा खिडकीत ठेवला. संध्याकाळी जाऊबाईने तो पुन्हा जाळीत घातला. गेले आठ महिने हे चालू आहे. त्यांच्या कपांच्या ओळीत, त्याच पाण्यात, त्याच फवाऱ्याखाली तो रोज धुतला जातो आणि रोज खिडकीत परत जातो. दोघींपैकी कोणीही त्यावर अक्षर काढलेले नाही.

पैशांबद्दल मात्र ती बोलली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे, अठरा ते साठ वयाच्या बाईला त्यात नाव नोंदवता येते. तिने नोंदवले आहे. पण पगार किती द्यावा हे त्यात कोणी ठरवून देत नाही, ते ज्याचे त्याला मांडावे लागते. तिने एका वहीच्या पानावर आठवडाभर रोज लिहून ठेवले, यंत्रात किती भांडी घातली, किती हाताने घासली, भरायला किती मिनिटे, काढायला किती मिनिटे. पान मालकीणबाईंच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले. एक तारखेला पाकिटात चारशे रुपये वाढून आले. उरलेल्या तीनशेसाठी तिने नवे पान सुरू केले आहे.