वजन उतरले, दुखणे राहिले. गोळी कोणती घ्यावी?

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने वजन उतरते, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात येण्यास मदत होते. गुडघ्याचे वा कंबरेचे जुने दुखणे मात्र त्याबरोबर संपतेच असे नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अशा दुखण्यास वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. आजवर ज्या गोळ्यांवर दिवस निभावला, त्यांतील बऱ्याच गोळ्या शस्त्रक्रियेनंतर वर्ज्य ठरतात, ही खरी अडचण आहे.

नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतल्याचे वाचकांना आठवत असेल. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते. पुढील वर्षे रुग्णाला आपल्या गावीच काढायची असतात. केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या पांढरकवड्याहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ७० किलोमीटर, तर नागपूर सुमारे १५० किलोमीटर दूर आहे. रात्री गुडघा ठणकू लागला, की जवळ असते ते औषधांचे दुकान. तेथून नेहमीची गोळी आणण्यापूर्वी पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

धोका कशात आहे?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. त्यामुळे सूज व वेदना कमी होते; परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करीत असतात. बायपास शस्त्रक्रियेत जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्यास जोडतात. आतड्याच्या त्या भागाला आम्लाची सवय नसते. संरक्षण घटले, की जोडाच्या जागी व्रण होतो; त्यातून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित छिद्रही पडते. धूम्रपानाने हा धोका वाढतो. जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत धोका तुलनेने कमी असला, तरी निर्णय शल्यचिकित्सकावरच सोपवावा.

'गोळी नको, सुई द्या' हा आपल्याकडील नेहमीचा आग्रह येथे उपयोगी नाही. इंजेक्शनने दिलेले डायक्लोफेनॅक रक्तावाटे तोच परिणाम घडवते. मात्र हृदयविकारासाठी अल्प मात्रेत अॅस्पिरिन चालू असल्यास ते स्वतःहून बंद करू नये; डॉक्टरांना विचारावे.

उरलेले पर्याय

पहिला पर्याय पॅरासिटामॉल. प्रौढांसाठी दिवसभरातील मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते. यकृताचा विकार वा मद्यपान असल्यास ती आणखी कमी असते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या हिशेबात धरावे. वेदनाशामकांच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर डायक्लोफेनॅक वा अॅसिक्लोफेनॅक मिसळलेले असते. म्हणून पाकिटावरील घटकद्रव्ये वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये.

नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांसारखी औषधे डॉक्टर देतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही. औषधाचे रूप बदलावे लागते. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांची सवय लागू शकते. २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले आहे. सांध्यावर चोळण्याच्या मलमातून रक्तात जाणारे औषध बरेच कमी असते, तरीही तेही विचारूनच वापरावे.

कारणाचा शोध हवा

शस्त्रक्रियेनंतर अन्नघटकांचे शोषण घटते. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडल्यास हाडे दुखतात, स्नायू दुबळे होतात. ब-१२ च्या अभावी हातापायांना मुंग्या येतात, आग होते. असे दुखणे वेदनाशामकाने दबेल, बरे होणार नाही. पूरक गोळ्या खंड न पाडता घेणे आणि ठरल्या वेळी रक्त तपासणे हा अशा दुखण्यावरचा खरा उपचार होय.

वजन उतरल्याचा लाभही मोठा आहे. एक किलो वजन घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले, की ते घरीच करता येतात. शेक घेणे, कामाचे लहान टप्पे पाडून मध्ये विसावा घेणे, पुरेशी झोप यांनीही फरक पडतो. दीर्घ वेदनेने मन खचते. त्यासाठी समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

पोटात तीव्र वा न थांबणारी कळ, काळे शौच, रक्ताची उलटी, चक्कर यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपाय न करता तात्काळ रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि वर्ज्य औषधांची नावे लिहिलेला कागद सदैव खिशात बाळगावा. आपली शस्त्रक्रिया ठाऊक नसलेल्या डॉक्टरपुढे अपरात्री जावे लागले, तर तो कागदच रुग्णाच्या वतीने बोलेल.