बी.ए. नंतर पत्रकारिता : फॉर्मच्या आधी नाव जुळवा

मागच्या महिन्यात चाकणजवळच्या एका गटाची बैठक संपली, हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी एक ताई दाराशी थांबून राहिली. कंपनीत पार्ट तपासायच्या लाइनवर काम करते. सासर इथलं, माहेर मराठवाड्यातलं. लग्नाआधी बी.ए. झालेली. म्हणाली, "ताई, मला पत्रकारितेचं एम.ए. करायचंय. मागच्या वर्षी एके ठिकाणी फॉर्म भरला होता, पण कागदांत अडकले." आज तिच्या त्या कागदांबद्दलच बोलणार आहे, कारण तसेच कागद आपल्यापैकी कितीतरी जणींच्या ट्रंकेत आहेत.

आधी अभ्यासक्रमाचं सांगते. पुण्यात यासाठी सगळ्यांना माहीत असलेली जागा म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग तो हाच, १९६४ पासूनचा. विद्यापीठ गणेशखिंडीला, पण हा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर. पिंपरीहून मेट्रोने शिवाजीनगरला उतरलं की तिथून जवळ. दोन वर्षांचं एम.ए. आहे आणि कुठल्याही शाखेची पदवी चालते. बी.ए., बी.कॉम., कुणीही. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी दर्जाची असते असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी रीतसर घेतली असेल तर तीही पदवीच आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आणखी एक सोय झाली आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून काही कारणाने थांबावं लागलं, तर पदव्युत्तर पदविका हातात पडते. घरच्या अडचणीत वर्ष पाण्यात जात नाही.

अर्ज ऑनलाइन असतो, साधारण उन्हाळ्यात निघतो. पुढे प्रवेश परीक्षा, तीही संगणकावर, पर्याय निवडायची. आमच्या ताईला परीक्षेची भीती नव्हती. रात्रपाळीच्या बसमध्ये ती मोबाइलवर बातम्या वाचते. अडलं ते नावापाशी.

झालं असं. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव. आधारवर आणि बँकेत सासरचं. फॉर्म भरला सायबर कॅफेवाल्याने, आधार बघून. जातीचा दाखला वडिलांच्या नावाने, म्हणजे पुन्हा माहेरचा. कागद तपासायला बसलेल्या माणसासमोर दोन वेगळ्या बायका उभ्या राहिल्या! त्यात नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपलेली. हा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, आणि प्रवेश सुरू होतात त्यानंतर. काढताना एका वर्षाचा काढला की तीन वर्षांचा, ते त्यावर लिहिलेलं असतं. तिने बघितलंच नव्हतं. नवीन काढायला माहेरच्या तालुक्याला जायचं, वडिलांच्या उत्पन्नाचे कागद गोळा करायचे, आणि इथे सुट्टी मिळेना. हातातली मुदत गेली, वर्ष गेलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक जणी इथेच चुकतात. लग्न झालं तरी आपली जात वडिलांकडूनच धरतात, आणि नॉन-क्रीमी लेयरलाही आईवडिलांचं उत्पन्न बघतात, नवऱ्याचं नाही. म्हणून "आता सासरच्या पत्त्यावरून काढून घेऊ" असं कुणी म्हटलं तर आधी सेतू केंद्रात विचारा. माहेरी दिवाळीला जाल तेव्हा साडीबरोबर वडिलांचे उत्पन्नाचे कागदही घेऊन या. मी हे हसत सांगते आहे, पण खरंच आणा.

मग नावाचं काय करायचं? फॉर्म गुणपत्रिकेवरच्या नावाने भरायचा. सासरचं नाव जोडणारा पुरावा सोबत ठेवायचा. पहिला पुरावा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. लग्नाची पत्रिका आणि फोटो म्हणजे नोंदणी नव्हे. शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत नोंदणी होते, लग्नाला दहा वर्षं झाली असली तरी. दुसरा पुरावा राजपत्र, म्हणजे गॅझेट. शासनाच्या मुद्रण विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून बदललेलं नाव छापून घेता येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून फॉर्म निघायची वाट बघू नका. हल्ली एबीसी आयडीही मागतात. तो आधारवरून तयार होतो, त्यामुळे तिथेही हाच गोंधळ उभा राहतो. पदवीनंतर बरीच वर्षं गेली असतील तर मधल्या काळाचं प्रतिज्ञापत्र लागू शकतं. माहितीपत्रकात बघून घ्या. आणि कॅफेवाल्याच्या शेजारी बसून प्रत्येक ओळ स्वतः वाचा. पैसे आपले, वर्ष आपलं.

परीक्षेसाठी एक वर्तमानपत्र रोज, अग्रलेखासकट. बातमी कुठली आणि मत कुठलं, हे पेन्सिलीने खुणा करून बघा. आपल्याकडच्या पत्रकारितेचा इतिहासही वाचा. 'दर्पण' १८३२ चं, बाळशास्त्री जांभेकरांचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण सत्यशोधकांच्या 'दीनबंधू'चं संपादन तानुबाई बिर्जे यांनी केलं, हे आमच्या बैठकीत एकीलाही माहीत नव्हतं. मलाही बी.ए. झाल्यावर कळलं.

आता पैशाचं आणि वेळेचं खरं बोलते. हा नियमित अभ्यासक्रम आहे, हजेरी लागते. कंपनीची पाळी सांभाळून तो होईलच असं मी सांगणार नाही. नोकरी सोडणं शक्य नसेल तर इग्नूचं पत्रकारितेचं एम.ए. घरी राहून करता येतं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर असतो, तो प्रवेशाहून वेगळा. प्रवेश मिळाला म्हणजे तो आपोआप भरला जात नाही.

ताईने गटाकडे फीसाठी कर्ज मागितलं तेव्हा बैठकीत दोन तट पडले. एक काकू म्हणाल्या, "शिलाई मशीनला कर्ज दिलं तर हप्ता येतो, हिच्या पेपरातून काय येणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. बातमीदाराचा सुरुवातीचा पगार चाकणच्या कंपनीपेक्षा जास्त असेलच असं नाही, हे ताईनेच सांगितलं. मग म्हणाली, "आपल्या लाइनवर बाईचं बोट गेलं, तर पेपरात कंपनीचं म्हणणं छापून येतं. त्या बाईला विचारायला कोण येतं?" काकू गप्प बसल्या. कर्ज मंजूर झालं, हप्ता नोकरी चालू आहे तोवर आत्तापासूनच सुरू करायचा, या अटीवर. ती अट काकूंनीच घातली.

ताईचं गॅझेट अजून यायचंय. वडिलांच्या उत्पन्नाचे कागद भाऊ घेऊन आला आहे. येत्या शनिवारी बैठकीला येताना तुमची शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि आधार, दोन्ही पिशवीत घालून आणा. वरचं नाव एकसारखं आहे का, ते समोर ठेवून बघू.