तक्रार ‘क्लोज’ कोणी केली?

नागरिकांच्या तक्रारींसाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, की चर्चा होते ती ॲपच्या रंगरूपाची. खरी मेख मात्र एका छोट्याशा बटणात असते!

हिंजवडीतल्या ऑफिसात बसून तुम्ही पिझ्झा मागवता. डिलिव्हरीवाला कुठल्या सिग्नलला अडकलाय, हे मोबाइलवर दिसतं. त्याच संध्याकाळी गावाकडून, समजा जळगावजवळच्या असोद्याहून, आईचा फोन येतो, ‘गल्लीतला दिवा आठ दिवसांपासून बंद आहे रे.’ आता हा निरोप कुठे अडकलाय, ते कोणाला विचारायचं?

खरं तर पिझ्झा काय नि गल्लीतला दिवा काय, सॉफ्टवेअरच्या दृष्टीने मामला एकच. मागणी आली, तिला नंबर मिळाला, काम कोणावर तरी सोपवलं, झालं की कळवलं. अमेरिकेत बाल्टिमोरने 1996 मध्ये अशा कामांसाठी 311 हा एकच फोन नंबर सुरू केला. 2003 मध्ये न्यूयॉर्कनेही तोच मार्ग धरला. पोलिसांसाठी 911, तुंबलेल्या गटारासाठी 311. कुठलं खातं, कुठला मजला, ही डोकेदुखी नागरिकाची नाही!

आपणही मागे नव्हतो

तुम्ही म्हणाल, ते अमेरिकेत ठीक आहे. पण बॉस, कल्याण-डोंबिवली महापालिकेने 2002 मध्येच ई-गव्हर्नन्स सुरू केलं होतं. एबीएम नॉलेजवेअर या कंपनीच्या मदतीने खाती कॉम्प्युटरने जोडली गेली आणि नागरिकांसाठी सुविधा केंद्र उभं राहिलं. टॅक्स भरा, दाखला घ्या, तक्रार द्या, सगळं एकाच ठिकाणी. पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठी हेच मॉडेल धरलं गेलं. लोकलच्या गर्दीसाठी ओळखलं जाणारं शहर या बाबतीत चक्क पहिल्या डब्यात होतं.

2003 मध्ये मुंबई महापालिका आणि ‘प्रजा फाउंडेशन’ यांनी मिळून ऑनलाइन तक्रार व्यवस्था आणली. त्यातून एक वेगळीच गोष्ट हाती लागली, ती म्हणजे आकडे. कुठल्या वॉर्डात कशाच्या तक्रारी जास्त, त्या निकाली निघायला किती दिवस लागले, हे मोजता येऊ लागलं. ‘प्रजा’ आजही माहिती अधिकारातून असे आकडे मिळवून अहवाल काढते. ‘साहेब, जरा बघा ना’ असं म्हणण्यापेक्षा कागदावरचा आकडा पुढे ठेवला, की नगरसेवकालाही उत्तर द्यावंच लागतं.

मुंबईनेच दुसरा धडाही दिला. 2011 मध्ये खड्ड्यांसाठी ‘व्हॉइस ऑफ सिटिझन’ ही वेबसाइट आली. फोटो काढा, टाका, खड्डा नकाशावर! काही वर्षांनी ती बंद झाली. वेबसाइट बंद होते, खड्डे राहतात. म्हणून सॉफ्टवेअर घेताना विचारायला हवं, की कंपनीचं कंत्राट संपल्यावर आमच्या तक्रारींचा डेटा कोणाकडे राहणार?

हिरव्या टिकची गंमत

आता त्या बटणाकडे येऊ. तक्रारींच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शेवटचा टप्पा असतो ‘क्लोज्ड’. हे बटण कोणी दाबायचं? खड्डा बुजवायची जबाबदारी ज्या इंजिनीअरवर, त्याच्याच हातात ते दिलं, तर पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकच झाला की!

यात प्रत्येक वेळी लबाडी असते असंही नाही. माणसं कमी, तक्रारी ढीगभर आणि वरून साहेबांचं लक्ष ‘पेंडिंग’च्या लाल आकड्यावर. अशा वेळी सगळ्यात झटपट होणारं काम म्हणजे ‘आमच्या हद्दीत नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद करणं. स्क्रीन हिरवीगार, गल्ली अंधारात. आणि तुमच्या मोबाइलवर एसएमएस, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ डोक्यात तिडीक जाते ती तेव्हा!

यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. काम झाल्याचा फोटो सक्तीचा करा. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायचा हक्क नागरिकाला द्या. अधूनमधून काही लोकांना फोन करून ‘झालं का हो काम?’ असं विचारा. 2003 मध्ये नंदन नीलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी सुरू केलेल्या ‘ई-गव्ह फाउंडेशन’चं ‘डिजिट’ हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. त्यात तक्रार पुन्हा उघडायची आणि कामाला रेटिंग द्यायची सोय आहे. अर्थात, कोड फुकट मिळाला म्हणजे सगळंच फुकट नाही. सर्व्हर, ट्रेनिंग आणि कुठली गल्ली कुठल्या कर्मचाऱ्याकडे याची यादी, हा खर्च आणि घाम पालिकेचाच.

असोद्याचा दिवा

जळगावची नगरपालिका 2003 मध्ये महापालिका झाली. तिची सतरा मजली इमारत तर अख्ख्या खान्देशाला ठाऊक! असोदा मात्र ग्रामपंचायतीचं गाव. थंडीत भरताच्या वांग्यांसाठी आपण आवर्जून आठवण काढतो, तेच. इथे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. बहुतेक गावांत विजेचा खांब महावितरणचा, त्यावरचा दिवा ग्रामपंचायतीचा. गावातला रस्ता ग्रामपंचायतीकडे, शेजारच्या गावाला जाणारा जिल्हा परिषदेकडे, मोठा असेल तर सार्वजनिक बांधकामकडे. तक्रार करणाऱ्या आईला हे पाठ असायला हवं का? मुळीच नाही. योग्य टेबल शोधणं हे तर सॉफ्टवेअरचं पहिलं काम.

दुसरी अडचण भाषेची. ॲपमध्ये यादी असते, ‘पाणीपुरवठा – कमी दाब – इतर’. आणि तक्रार असते, ‘दोन रोजापासून नयाले पानी नही.’ असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 1880 मध्ये त्या इथेच जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले, कारण मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ते त्यांच्याच बोलीत कागदावर उतरवले. ज्या गावाच्या लेकीने अक्षरओळख नसताना एवढं सांगितलं, तिथल्या बाईला फॉर्म भरता येत नाही म्हणून तक्रारच नोंदवता येऊ नये? फोनवर बोलून, आपल्या बोलीत तक्रार देता आली पाहिजे. ती आहे तशी टिपणारं कोणीतरी, माणूस किंवा मशीन, पलीकडे हवं.

नगरसेवकाला किंवा सरपंचांना विचारा

• तक्रार बंद कोण करतं? मला ती पुन्हा उघडता येते का?
• ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हटलं, तर तक्रार बंद होते की योग्य खात्याकडे जाते?
• स्मार्टफोन नसलेल्याला फोनवर, मराठीत तक्रार देता येते का?
• वॉर्डाप्रमाणे किती दिवस लागले, हे आकडे सगळ्यांना दिसतात का?
• कंत्राट संपलं, तर डेटा कोणाचा?

पाचही प्रश्न एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये मावतात. या वीकेंडला गावच्या ग्रुपवर टाकून तर बघा. आणि उत्तर ‘आमचं ॲप लवकरच येतंय’ असं आलं, तर पहिला प्रश्न पुन्हा विचारा!