दोन धामणगांवें

वऱ्हाडांत धामणगांव या नांवाचीं अनेक गांवें आहेत. त्यांपैकीं अमरावती जिल्ह्यांतील एकाच्या नांवाला ‘रेल्वे’ हा शब्द जोडलेला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यांतील दुसरें धामणगांव बढे म्हणून ओळखलें जातें. पहिल्याला आगगाडी लाभली, दुसऱ्याला लाभली नाहीं. एवढ्या एका फरकानें गांवाच्या प्रकृतींत किती अंतर पडतें, हें पाहण्यासारखें आहे.

आगगाडी गांवाला कसें पालटून टाकते, याचें ठळक उदाहरण म्हणजे लंडनभोंवतालचीं खेडीं. तेथील मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीनें १९१५ पासून पिनर, रुइस्लिप वगैरे खेड्यांच्या टापूला ‘मेट्रोलँड’ असें मोहक नांव देऊन तेथें घरें घेण्याचा प्रचार चालविला. नोकरी शहरांत व घर खेड्यांत, अशी ही आयुष्याची वांटणी होती. अशा खेड्यांत चर्च, टपालकचेरी, वाण्याचें दुकान व मद्यगृह असलें, तरी गांवाचा प्राण सकाळच्या गाडींत असतो. आपल्याकडे मुंबई-ठाणें लोहमार्ग १८५३ मध्यें सुरू झाला व पुढच्याच वर्षीं कल्याणला पोंचला. पुढें विजेच्या गाड्या आल्या आणि डोंबिवलीसारख्या ठिकाणीं मुंबईच्या कचेऱ्यांतील नोकरदारांनीं बिऱ्हाडें थाटलीं.

वऱ्हाडांत मात्र लोहमार्ग आला तो प्रामुख्यानें कापसासाठीं. भुसावळहून निघालेला मार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. १८७० मध्यें जलंबहून खामगांवपर्यंत छोटा फांटा टाकला गेला, तोहि तेथील कापूसबाजारासाठींच. कारकुनांना रोज शहरांत नेऊन परत आणणें हें या गाडीचें काम नव्हतें. तरीहि जेथें स्टेशन आलें, तेथें अडते व व्यापारी यांची वस्ती वाढली. धामणगांव रेल्वे आज तालुक्याचें ठिकाण असून तेथें नगरपरिषद आहे.

धामणगांव बढे बुलढाणेकर ज्याला ‘घाटाखालचा’ म्हणतात त्या प्रदेशांत आहे. या भागाचें मोठें रेल्वे स्टेशन मलकापूर. तालुक्याचें काम मोताळ्यास आणि जिल्ह्याचें काम घाट चढून बुलढाण्यास. खुद्द बुलढाणा शहरालाहि रेल्वे नाहीं. तथापि हें गांव कोणाच्या सावलींत निजणारें नव्हे. येथें पोलीस ठाणें आहे, आणि भोंवतालच्या खेड्यांना त्या कामासाठीं येथेंच यावें लागतें. लंडनजवळचें खेडें सकाळीं रिकामें होतें. येथें सकाळीं माणसें येतातहि आणि जातातहि.

जुन्या गांवगाड्यांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी हे गांवांतच असत. गरजा थोड्या होत्या व त्या शिवेच्या आंत भागत. आज महाविद्यालय, मोठें रुग्णालय, न्यायालय यांसाठीं शीव ओलांडावीच लागते. त्यामुळें गांवांत काय काय आहे, एवढ्या यादीवरून गांवाची सोय ठरत नाहीं. सकाळीं निघालेला माणूस काम उरकून दिवेलागणीला घरीं परत येऊं शकतो कीं नाहीं, ही तिची खरी कसोटी. १९४८ मध्यें पुणें-नगर मार्गावर सुरू झालेली एस. टी. आज आडमार्गावरील खेड्यांना आधार वाटते, तो याच कारणानें. संध्याकाळची शेवटची गाडी भरंवशाची असली, तर शेतकऱ्याची मुलगी घरीं राहून पुढें शिकूं शकते. ती नसली, तर मुलीचें शिक्षण तरी थांबतें किंवा कुटुंबच शहरांत बिऱ्हाड करतें. आणि एकदां गेलेलें बिऱ्हाड क्वचितच परत येतें.

उलट बाजूहि ध्यानांत ठेवावयास हवी. ज्या गांवांतून सारेच बाहेर जातात, तें नुसतें निजावयाचें ठिकाण होऊन बसतें. डॉ. बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालानंतर ब्रिटनमधील कित्येक लहान स्टेशनें बंद झालीं, तेव्हां सर्वस्वीं गाडीवर विसंबणें किती धोक्याचें, हें तेथील खेड्यांना कळून आलें. म्हणून गांवाला दोन्ही गोष्टी हव्यात: बाहेर नेऊन परत आणणारा रस्ता, आणि परतावेंसें वाटावें असें कांहीं गांवांत. धामणगांव बढे यासारख्या गांवाजवळ दुसरी गोष्ट आहे. पहिली भक्कम करणें हें सर्वांचें काम आहे.