शिक्षा झालेला उमेदवार आणि लिबर्टेरियनांचा हिशेब

अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद लढवायला राज्यघटना उमेदवाराकडे तीनच गोष्टी मागते: जन्मसिद्ध नागरिकत्व, किमान ३५ वर्षं वय आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. संसदेच्या दोन्ही सभागृहांसाठीही वय, नागरिकत्व आणि आपल्या राज्यातलं वास्तव्य एवढंच पाहिलं जातं. महाभियोगात दोषी ठरलेल्यावर सिनेट बंदी घालू शकते आणि यादवी युद्धानंतर बंडखोरांसाठी एक वेगळं कलम आलं. हे दोन अपवाद सोडले, तर उमेदवाराला पूर्वी शिक्षा झाली होती का, किंवा सध्या त्याचा मुक्काम तुरुंगात आहे का, याची घटनेला पर्वा नाही.

हे नजरचुकीने राहून गेलं असं म्हणायला जागा नाही. १७९८ मध्ये व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन यांना राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्यावर टीका केल्याबद्दल राजद्रोहाच्या कायद्याखाली चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. ते कोठडीत असतानाच मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. १९१८ मध्ये समाजवादी नेते युजीन डेब्ज यांना कँटन इथल्या युद्धविरोधी भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून, कैदी क्रमांक ९६५३ म्हणून लढवली आणि नऊ लाखांवर मतं मिळवली. पुढे न्यायालयांनी चौकट पक्की केली. घटनेतल्या पात्रतेच्या अटींत भर घालण्याचा अधिकार संसदेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलं. तो राज्यांनाही नाही, हे १९९५ मध्ये स्पष्ट झालं.

अमेरिकेतल्या लिबर्टेरियन, म्हणजे कडव्या व्यक्तिस्वातंत्र्यवादी मंडळींना ही व्यवस्था बहुतांशी पटते. सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, ही त्यांची भूमिका. १९७१ मध्ये स्थापन झालेला त्यांचा पक्ष छोटा आहे, पण शिक्षा झालेल्या उमेदवाराकडे पाहण्याची त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. कारण इतर पक्ष आधी उमेदवाराचं चारित्र्य तपासतात, तर हे लोक आधी कायदाच तपासायला घेतात.

त्यांच्या लेखी खरा गुन्हा एकच: दुसऱ्याच्या देहावर किंवा मालमत्तेवर आक्रमण. खून, चोरी, फसवणूक हे सगळं त्यात येतं. स्वतःच्या घरात गांजा ओढणं, परवान्याशिवाय केस कापण्याचा धंदा करणं, दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेला एखादा व्यवहार, यात पीडित कोण, असा त्यांचा सवाल असतो. पीडितच नसेल तर शिक्षा झालेला माणूस आपल्या अर्थाने गुन्हेगार नाही, फक्त सरकारच्या नोंदीत तसा आहे, असं ते मानतात. स्टीव्ह कबी हे १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी याच पक्षाचे उमेदवार होते. औषधी गांजाच्या चळवळीतलं ते मोठं नाव. स्वतःला कर्करोग असल्याने गांजा वापरणारे. निवडणुकीनंतर त्यांच्या घरावर छापा पडला. गांजाच्या आरोपावर ज्यूरीचं एकमत झालं नाही, पण घरात सापडलेल्या किरकोळ अंमली पदार्थांबद्दल ते दोषी ठरले. २००८ साठी त्यांनी पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली, तेव्हा ती शिक्षा त्यांच्या आड आली नाही. पक्षाने निवड दुसऱ्याची केली, ती वेगळ्या कारणांनी.

यापुढचा मुद्दा संख्येचा. अमेरिकेत केवळ संघराज्याच्या कायद्यांतच चार हजारांहून जास्त फौजदारी गुन्हे असल्याचे अंदाज आहेत. नेमका आकडा सरकारलाही सांगता येत नाही. सामान्य माणूस नकळत दिवसाला तीन गंभीर गुन्हे करतो, अशा अर्थाच्या शीर्षकाचं एक पुस्तक हार्वी सिल्व्हरग्लेट या वकिलाने २००९ मध्ये लिहिलं. शीर्षकात अतिशयोक्ती आहे, रोख खरा आहे. त्यात भर म्हणजे संघराज्याच्या न्यायालयांतल्या सुमारे ९७ टक्के दोषसिद्धी खटला न चालताच, सरकारी वकिलाशी तडजोड करून दिलेल्या कबुलीतून होतात. खटला लढलास तर वीस वर्षं, कबूल केलंस तर दोन, असं समोर आलं की निर्दोष माणूसही गणित मांडतो. अशा कागदावर उमेदवारीचा हक्क टांगावा का, या प्रश्नाला लिबर्टेरियनांचं उत्तर साफ नकारार्थी आहे.

माझ्या मते त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा याच्याही पुढचा आहे, आणि तो मतपत्रिकेच्या इतिहासात दडला आहे. १८८८ च्या आधी अमेरिकेत सरकार मतपत्रिका छापतच नसे. पक्ष आपापल्या पत्रिका छापत, मतदार हवी ती पेटीत टाकत. हाताने नाव लिहिलं तरी चाले. त्या साली मॅसॅच्युसेट्सने सरकारी मतपत्रिका आणली, ती गुप्त मतदानासाठी, आणि तिचा फायदा खराच होता. पण छापखाना सरकारकडे गेला तसा कोणाचं नाव छापायचं याचा निवाडाही सरकारकडे गेला. छोट्या पक्षांना अनेक राज्यांत हजारो सह्या गोळा कराव्या लागतात. लिबर्टेरियन पक्षाची बरीच ताकद त्यातच खर्ची पडते. अशा लोकांना विचारा की शिक्षा झालेल्यांवर बंदी घालावी का. ते म्हणतील: गुन्हा कशाला म्हणायचं ते सरकार ठरवतं, खटला सरकार भरतं, मतपत्रिकाही सरकारच छापतं, विरोधकाला वगळायला आणखी काय लागतं? लायन आणि डेब्ज ही नावं अशा वेळी हमखास निघतात.

राज्यांच्या पातळीवर मात्र चित्र निराळं आहे. अनेक राज्यं गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना राज्यातल्या पदांपासून दूर ठेवतात. मतदानाचेही नियम राज्यागणिक बदलतात: मेन आणि व्हरमाँटमध्ये कैदी तुरुंगातूनही मत देतात, तर काही राज्यांत सुटकेनंतरही हक्क आपोआप परत मिळत नाही. इथे लिबर्टेरियन भरपाईचा विचार पुढे करतात. कायदेपंडित रँडी बार्नेट यांनी १९७७ मध्ये मांडलं की शिक्षेचा हेतू पीडिताचं नुकसान भरून देणं हा असावा. भरपाई झाली की देणं फिटलं. मग जन्मभराची अपात्रता कोणत्या खात्यात मांडायची?

इथवरचा युक्तिवाद सरळ चालतो. अडचण येते लाचखोरीपाशी. सार्वजनिक पद विकणाऱ्याने पीडित नसलेला गुन्हा केला, असं कोणी म्हणू शकत नाही. तिथे कुंपणच शेत खातं. शिवाय लिबर्टेरियनांचा संशय मुळात सत्तेवर असतो, म्हणून सत्तेचा दुरुपयोग सिद्ध झालेल्या माणसाला तीच सत्ता पुन्हा देणं त्यांच्यातल्या अनेकांना खपत नाही. काही जण अशा गुन्ह्यांपुरती बंदी मान्य करतात. बाकीचे म्हणतात, बंदी नकोच. माहिती सगळी उघड असू द्या, मतदार नाकारतील. पक्ष ही खासगी संघटना असल्याने तिने उमेदवारी नाकारणं त्यांच्या तत्त्वात बसतं. राजकीय किंवा सामाजिक उद्दिष्टांसाठी बळाचा पहिला वापर करणार नाही, या प्रतिज्ञेवर तर त्यांच्या पक्षात सदस्यांची सहीच घेतात. मतदारांवरचा हा विश्वास मला जरा भाबडा वाटतो. पैसा आणि दहशत ज्याच्या हाती आहे, त्याच्याविषयीची माहिती उघड असूनही उपयोगी पडतेच असं नाही.

२०२४ मध्ये या सगळ्याची कसोटी लागली. २५ मे रोजी डोनाल्ड ट्रम्प लिबर्टेरियन पक्षाच्या वॉशिंग्टनमधल्या अधिवेशनात बोलायला गेले आणि आपल्यावरच्या खटल्यांचा दाखला देत तुमच्यातलाच झालो म्हणाले. सभागृहाने हुर्यो उडवली. टाळ्या पडल्या त्या मुख्यतः सिल्क रोड या छुप्या ऑनलाइन बाजाराचा संस्थापक रॉस उल्ब्रिक्ट याला सोडवण्याच्या आश्वासनाला. पाच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ज्यूरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं, नोव्हेंबरात ते निवडून आले आणि २१ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी उल्ब्रिक्टला माफी दिली. तत्त्व आणि माणूस वेगळे ठेवणं किती अवघड असतं, ते त्या सभागृहात दिसलं: उभं राहण्याचा हक्क सगळ्यांनाच हवा होता, उभा राहिलेला माणूस बहुतेकांना नको होता.

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ उलट दिशेने जातं. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की कैदेचा काळ आणि सुटकेनंतरची सहा वर्षं उमेदवारी बंद. राजकारणातली गुंडगिरी पाहता हे कलम बहुतेकांना कमीच वाटतं. तरी १० जून २०१९ ची अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरची घटना लिबर्टेरियन चष्म्यातून पाहण्यासारखी आहे. शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तिथे परवानगी नसलेलं तणनाशकरोधी कपाशीचं बियाणं उघडपणे पेरलं आणि त्यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले. अशा बियाण्याला लागू होणाऱ्या पर्यावरण संरक्षण कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद होती. म्हणजे दोषी ठरून पुरेशी शिक्षा झाली असती, तर कपाशी पेरणारा माणूस विधानसभेला उभा राहू शकला नसता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने या कायद्यातली ती कैद काढून आर्थिक दंड ठेवला.